मोबाईलवरची ओळख आणि आपली रीत

मंडळी, निफाडच्या बाजारात कुणी अनोळखी माणूस भेटला, तर आपण आधी काय विचारतो? "कोणत्या गावचे, पाहुणे?" मग आडनाव, मग "अमके तुमचे कोण?" दोघांचा एखादा सोयरा निघाला, की चहा आलाच! हातात मोबाईल आला म्हणून ही रीत काही सुटलेली नाही.

फेसबुक २००४ साली अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झाले. तिथे जोडलेला प्रत्येक माणूस 'मित्र'च. असे पाच हजार मित्र जोडता येतात. आपल्या भाषेत मात्र ओळखीचा वेगळा, सोबती वेगळा आणि जिवाभावाचा मैतर आणखी वेगळा. म्हणून नव्या माणसालाही आपण दादा, ताई, अण्णा म्हणून नात्यात बसवतो. बागलाण-कळवणच्या माणसाशी पलीकडचा अहिराणीत बोलू लागला, तर तो घरचाच वाटतो.

रीत गोड आहे. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली अशी, की ठकसुद्धा 'दादा' म्हणूनच हाक मारतो. पैशाची गोष्ट निघाली की थांबावे, ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. फसगत झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. वडीलधाऱ्यांपुढे आपले रडगाणे गाऊ नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. गावच्या व्हॉट्सॲप गटात तर मामा, सासरे, सरपंच, गुरुजी सगळेच हजर! २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड भागात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. अशा वेळी माणूस बागेचा फोटो टाकतो, 'आपल्याकडे फार नुकसान झाले' असे लिहितो. 'मी खचलो आहे' असे काही लिहीत नाही. घरातली सून तर बहुधा हात जोडल्याचे चित्र पाठवते आणि गप्प राहते. 'आपण' म्हणता म्हणता 'मी' झाकला जातो, तो असा.

गुरुजनहो, इथे तुमचे काम आहे. गटात अचानक गप्प झालेल्या माणसाची चौकशी चारचौघांत करू नका. त्याला एकट्याला फोन करा. जमले तर घरी जाऊन या. आणि वर्गात मुलांकडून एकाच अडचणीबद्दल दोन निरोप लिहून घ्या, एक साऱ्या गावाला आणि एक जिवलग मित्राला. दोहोंत काय फरक पडला, तो मुलांनाच शोधू द्या. मोठ्यांचा मान राखूनही 'मला मदत हवी' असे म्हणता येते, हे त्यांना वेळीच कळलेले बरे.