आल्प्समध्ये स्कीइंग : आधी गावाची उंची विचारा

आमच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. मुलगा म्युनिकला नोकरीस आहे, सून व दोन नातवंडे तेथेच. येत्या फेब्रुवारीत आल्प्स पर्वतात आठवडाभर स्कीइंगला जाण्याचा मुलाचा बेत असून त्याने आईवडिलांनाही बोलावले आहे. वडिलांचे वय ६१. चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, रक्तदाबाची गोळी चालू. "डॉक्टर, जावे की नाही? आणि जायचे तर कोणत्या गावी?" असे ते विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे दुसऱ्यावरच अवलंबून आहे.

गाव निवडताना लोक सहसा हॉटेलचे भाडे आणि बर्फाची खात्री पाहतात. तेही बरोबरच आहे. परंतु ज्याच्या हृदयाची वा फुप्फुसाची तक्रार आहे, त्याने आधी एक आकडा विचारावा. रात्री झोपायचे ते गाव समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे?

आपल्याकडे महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. आता आल्प्सकडे पाहा. ऑस्ट्रियातील किट्सब्यूल जेमतेम ७६० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून पुष्कळ खाली. स्वित्झर्लंडमधील दावोस सुमारे १,५६० व झेरमाट १,६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर वसलेली गावे. फ्रान्समधील व्हाल थोरांस तर २,३०० मीटरवर आहे. चौघांच्याही जाहिरातीत तेच बर्फ आणि तीच हसरी माणसे दिसतात. शरीराला मात्र हा फरक चांगलाच कळतो.

उंचावरच्या हवेत प्राणवायूचे शेकडा प्रमाण तेवढेच असते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर रक्तात जाणारा प्राणवायू घटतो. २,३०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशच मिळतो. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास जलद होतो, नाडी वाढते, हृदयाला जास्त काम पडते. निरोगी माणसालाही पहिल्या एकदोन रात्री झोप नीट लागत नाही, डोके दुखते, भूक मरते. हा विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर ठळक होतो, काहींना त्याखालीही जाणवतो. दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणाऱ्याला तो पुष्कळ कमी होतो. म्हणूनच झोपण्याच्या गावाची उंची महत्त्वाची.

मग सर्वांत खालचे गाव निवडावे काय? तसेही नाही. अलीकडे हिवाळे उबदार होत चालल्याने कमी उंचीच्या गावांत नैसर्गिक बर्फाची खात्री उरलेली नाही. तेथे यंत्राने पाडलेल्या बर्फाच्या अरुंद पट्ट्यावरून घसरावे लागते. तो पट्टा सकाळी काचेसारखा कडक असतो आणि त्यावर आपटणे म्हणजे फरशीवर आपटणे. माझ्या मते गाव १,२०० ते १,८०० मीटरमध्ये असावे आणि स्कीइंगचे उतार त्याच्या वर असावेत. घरी मधुमेही वा हृदयरुग्ण असेल तर गावात दवाखाना आहे का आणि मोठे रुग्णालय किती दूर, हेही आधी विचारावे. दावोसमध्ये रुग्णालय आहे. तिरोल प्रांतातील गावांना इन्सब्रुकच्या विद्यापीठाचे रुग्णालय जवळ पडते.

दावोसची गोष्ट आपल्या पाचगणीसारखीच आहे. कोरड्या, स्वच्छ हवेसाठी क्षयरोगी तेथे राहायला जात. शेरलॉक होम्सचे जनक, स्वतः डॉक्टर असलेले आर्थर कॉनन डॉयल आपल्या क्षयग्रस्त पत्नीसाठी तेथे राहिले आणि १८९४ मध्ये लाकडी फळ्या पायाला बांधून डोंगर ओलांडून आरोसाला पोहोचले. आजाऱ्यांच्या गावाचे खेळाडूंचे गाव झाले ते असे.

आता हृदयरुग्णाविषयी. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी स्कीइंग करताना अचानक हृदय बंद पडून झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना धोका फार जास्त आढळला आणि बरेच मृत्यू डोंगरावरील पहिल्याच दिवशी झालेले होते. कारण उघड आहे. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस प्रवासाचा शीण घेऊन, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्यांनिशी, विरळ हवेत एकदम कष्टाला लागतो. तेव्हा पहिला दिवस गावात सावकाश फिरण्यात घालवावा. झेरमाटहून पाळण्याने तासाभरात ३,८८३ मीटरवर जाता येते, पण ते पहिल्या दिवशी करू नये. निघण्यापूर्वी आपल्या हृदयतज्ज्ञांकडून ट्रेडमिलची तपासणी करून घ्यावी व त्यांना उंचीचा आकडा सांगावा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डोक्यावर पडणे विशेष धोक्याचे, पण म्हणून ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे!

तरुणांना हृदयापेक्षा गुडघ्याची काळजी अधिक. स्कीइंगमधील दुखापतींत गुडघ्याचा वाटा मोठा. पाय फळीला जखडलेला, फळी एकीकडे वळते आणि शरीर दुसरीकडे पडते. त्यात गुडघ्यातील अस्थिबंध तुटतो. पडताना बूट फळीतून सुटावा अशी पकड बसवलेली असते, पण ती वजन, उंची, वय व कौशल्य पाहून जुळवावी लागते. भाड्याच्या दुकानात स्वतःचे वजन खरे सांगा, लाजू नका. महिना दीड महिना आधीपासून रोज उठाबशा काढाव्यात, जिने चढावेत, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे अधांतरी बसण्याचा सराव करावा. नवशिक्याने मित्राकडून शिकू नये, तेथील शाळेतच नाव घालावे. म्हणून शिकण्याचे सौम्य उतार गावालगत आहेत ना, हेही पाहावे. निळ्या खुणेचे उतार सोपे, लाल मध्यम, काळे कठीण. फ्रान्समध्ये सर्वांत सोप्यांना हिरवी खूण असते. हेल्मेट सर्वांनीच घालावे. दुपारनंतर पाय थकले की 'एक शेवटची फेरी' हा मोह टाळावा.

बर्फावरील ऊन फसवे असते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गॉगल न लावल्यास काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. ढगाळ दिवशीही गॉगल लावावा. इन्सुलिन गोठले की निकामी होते, ते बॅगेत न ठेवता अंगातील कपड्यांत ठेवावे. दम्याच्या रुग्णाने नाकातोंडावर मफलर घ्यावा व पंप खिशात ठेवावा.

युरोपच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण साध्या पॉलिसीत स्कीइंग आणि जुने आजार बहुधा वगळलेले असतात. डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च मोठा असतो. पॉलिसीतील बारीक अक्षरे मुलाला वाचायला लावावीत.

आपल्या वाचकांना माझे उत्तर असे. हृदयतज्ज्ञांनी हरकत घेतली नाही तर जरूर जा, पण मुलाला व्हाल थोरांसऐवजी तिरोलमधील सेफेल्ड पाहायला सांगा. ते सुमारे १,२०० मीटरवर, सपाट पठारावर आहे. इन्सब्रुक जवळ आणि म्युनिकहून मोटारीने जाता येते. नातवंडांना शिकायला सौम्य उतार आहेत आणि आपल्याला बर्फातून चालायला मोकळ्या, सपाट वाटा. पायांत न घसरणारे बूट घाला. वरच्या लांब उतारांवर मुलगा आणि सून जातील, दुपारी नातवंडांना शाळेतून आणायला आपण जा. छातीत जडपणा वाटला तर थांबा आणि कोणाकडूनही ११२ हा क्रमांक फिरवून घ्या. तो युरोपभर चालतो.