हॉर्न गेला, गाडी मिळाली!

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही बेळगावहून बालाघाटला गेलो होतो. पणतीला पाहायचं म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाईही हट्टानं आल्या. पत्नी लेकीजवळ राहणार होती. सासूबाईंना घेऊन मी एकटाच परतणार होतो. गोंदियाहून सकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस, मिरजेला उतरून पुढं बेळगाव असा बेत. पहाटेच जावईबापूंच्या पेट्रोल पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसलो. हौद्यात चिन्नोर तांदळाचं पोतं होतं. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

वाटेत चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. स्टार्टर फिरे, इंजिन काही धरेना. “गाडी याक निंतैति?” सासूबाईंनी विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. आरक्षण हातचं गेलं तर या वयात त्यांना कसं न्यायचं?

जावईबापू शांत होते. “बाबा, मी किल्ली फिरवतो, तुम्ही टाकीपाशी कान द्या.” किल्ली फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद गुणगुणायला हवा. तो गप्प होता. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डबीच्या झाकणावर नकाशा असतो. त्यावरून पंपाचा फ्यूज काढून पाहिला, तार शाबूत. मग पंपाच्या रिलेवर बोट ठेवलं. ‘टक्’ झालं, पण पंप मुकाच. रिले म्हणजे बारीक विजेनं मोठी वीज जोडणारा स्विच. आतली टोकं जळली की टक् होतं, वीज पुढं जात नाही.

शेजारीच हॉर्नचा रिले होता. क्रमांक तोच, पायही तसेच. किल्ली बंद करून त्यांनी तो पंपाच्या जागी बसवला. गुणगुण आली, इंजिन सुरू झालं! “छलो आतु!” म्हणत सासूबाईंनी हात जोडले. हॉर्न मात्र गेला. हळूहळू, वळणावर जपत गोंदिया गाठलं. गाडी फलाटावर उभीच होती.

दुकानं उघडल्यावर जावईबापूंनी त्याच क्रमांकाचा नवा रिले घेतला. जुन्याचा पाय काळा पडला होता.

वाचकहो, जुन्या डिझेल गाड्यांत बहुधा असा पंप नसतो. पेट्रोलचा वास येत असेल तर हात लावू नका. नवा रिलेही लवकर जळला तर दोष पंपात किंवा वायरीत असू शकतो. तिथं मेकॅनिकच हवा.