सेलची परीक्षा घेऊ या!

खेळण्यातल्या गाडीचे पेन्सिल सेल काढून जरा नीट बघा. रिचार्जेबल असतील, तर बहुधा त्यांच्यावर बारीक अक्षरांत १.२ व्होल्ट असं छापलेलं दिसेल. साधा अल्कलाइन सेल तर १.५ व्होल्टचा. मग रिचार्जेबल सेल कमजोर का? मुळीच नाही! साध्या सेलचे व्होल्ट वापरता वापरता हळूहळू उतरत जातात. रिचार्जेबल सेल मात्र बराच वेळ १.२ च्या आसपास ठाम राहतो आणि अगदी शेवटी धाडकन घसरतो.

त्याच्या पोटात काय असतं, माहीत आहे? एका बाजूला निकेलचं संयुग आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन धरून ठेवणारा मिश्रधातू. चार्ज करताना हायड्रोजन चक्क त्या धातूत शिरून बसतो आणि सेल वापरताना बाहेर पडतो. धातूत मुरलेला वायू! मला याचंच सर्वांत नवल वाटतं.

पण १.२ व्होल्टच्या त्या ठामपणामुळे एक पंचाईत होते. अर्धा संपलेला सेल मल्टिमीटरला लावला, तरी आकडा भरलेल्या सेलच्या जवळपासच येतो. माठात किती पाणी मावतं हे पेले भरभरून काढल्यावरच कळतं ना? सेलचंही तसंच. त्याला कामाला लावायचं आणि वेळ मोजायचा.

सेलवर दुसरा आकडा असतो, समजा २००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास. सेलमधून २५० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर तो ८ तास पुरायला हवा, कारण २५० गुणिले ८ म्हणजे २०००. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४.७ ओहमचा, १ वॉटचा रेझिस्टर आणि एका सेलचा होल्डर आणा. पूर्ण चार्ज केलेला सेल त्याला जोडला की साधारण एवढाच प्रवाह वाहतो. रविवारी सकाळी ९ ला सुरुवात करा. दर अर्ध्या तासाने सेलचे व्होल्ट वहीत लिहा. आकडा घसरू लागला की डोळ्यांत तेल घालून बसा आणि १.० व्होल्टला सेल काढून घ्या. कंपन्यांच्या चाचण्याही १.० लाच थांबतात. त्याखाली फार वेळ रेटलं तर सेलचं नुकसान होतं.

सेल ४ तासांतच दमला? मग त्यात निम्मीच ताकद उरली आहे.

घरातलं मोठं माणूस जवळ हवंच. मीटर अँपिअरवर ठेवून थेट सेलला कधीही लावू नका, तो शॉर्ट सर्किट होतो. आणि मोबाइलच्या लिथियम बॅटरीवर हा प्रयोग अजिबात नको.

प्रत्येक सेल वेगळा तपासा, ही माझी खास सूचना. पुष्कळदा जोडीतला एकच सेल बाद असतो आणि आपण दोन्ही टाकून देतो! शिवाय एक दणकट आणि एक अशक्त सेल एकत्र लावले, तर अशक्त आधी रिकामा होतो, आणि दणकट सेल त्यातून उलटा दाब देऊन प्रवाह ढकलत राहतो. अशक्त सेल आणखी बिघडतो. म्हणून मार्करने प्रत्येक सेलवर तारीख आणि टिकलेले तास लिहा, आणि सारख्या ताकदीच्यांच्याच जोड्या लावा.

अर्ध्या ताकदीचा सेल लगेच फेकू नका. भिंतीवरच्या घड्याळाला अगदी थोडा प्रवाह लागतो, तिथे तो बऱ्याचदा चालतो. अगदीच बाद झालेला सेल मात्र ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. त्यातलं निकेल पुन्हा वापरता येतं.