घरगुती मत्स्यालयातील चल-माध्यम जैविक गाळणी : पालघर-बोईसर परिसराच्या संदर्भात तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
पालघर, बोईसर व तारापूर परिसरातील नोकरदार कुटुंबांत मत्स्यालय ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. मासे दगावले की त्याचे कारण बहुधा खाद्यात किंवा रोगात शोधले जाते. प्रत्यक्षात ते पुष्कळदा गाळणीत असते. प्रस्तुत लेखात चल माध्यमाच्या तीन जैविक गाळण्यांची तुलना करून आपल्या परिसरास कोणती अधिक योग्य ठरते, याचे विवेचन केले आहे.

गाळणीचे तत्त्व :
माशांच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया मिसळतो. माध्यमाच्या पृष्ठभागावर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनच्या संपूर्ण रूपांतरास सुमारे ४.६ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात मात्र जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळलेला असतो. शिवाय सामू ८ असताना २० अंशाला अमोनियाचा सुमारे ४ टक्के भाग विषारी रूपात असतो, तर ३० अंशाला तोच सुमारे ७.५ टक्के होतो. म्हणजेच उष्ण प्रदेशात विष अधिक व प्राणवायू कमी, अशी दुहेरी अडचण असते.

तीन पर्याय :
१) प्रवाही वाळू : खालून सोडलेल्या पाण्याच्या झोताने बारीक वाळू उचललेली राहते. अर्धा मिलिमीटर व्यासाचे कण गृहीत धरल्यास एक लिटर वाळूचा पृष्ठभाग सहा ते सात चौरस मीटर भरतो. अल्प जागेत एवढी क्षमता अन्य पर्यायांत मिळत नाही.

२) फिरते चाक : अर्धे पाण्यात व अर्धे हवेत राहणाऱ्या या चाकास प्राणवायू थेट हवेतून मिळतो. मात्र आसावर शेवाळ अथवा गाळ साचल्यास चाक अडकते.

३) प्लॅस्टिकच्या चक्रिका : नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी शुद्धीकरणासाठी हे तंत्र विकसित झाले. औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या आपल्या वाचकांना ते परके वाटू नये. 'के-वन' प्रकारच्या एक लिटर चक्रिकांचा संरक्षित पृष्ठभाग सुमारे अर्धा चौरस मीटर असतो. हवेच्या बुडबुड्यांनी त्या घुसळल्या जातात. बाहेरील जुना थर घासून निघतो व आतील जिवाणू सुरक्षित राहतात. नव्या चक्रिका प्रारंभी पृष्ठभागावर तरंगतात. जिवाणूंचा थर चढण्यास काही आठवडे लागतात.

स्थानिक परिस्थिती :
केवळ पृष्ठभाग पाहिल्यास वाळू सर्वश्रेष्ठ ठरते. प्रस्तुत लेखकाने याच हिशेबाने ती निवडली होती. पावसाळ्यातील एका रात्री वीज गेली व पहाटे आली. दरम्यान वाळू तळाशी बसली, कणांमधील प्राणवायू संपला व जिवाणू गुदमरले. पंप सुरू होताच ते कुजके पाणी टाकीत आले आणि सकाळपर्यंत चार गोल्डफिश मेले होते. तारापूर येथे १९६९ मध्ये अणुविद्युत केंद्र सुरू झाले, तरी वादळी पावसात परिसरातील घरे अंधारात जाणे चुकत नाही. अशा वेळी चक्रिकांची गाळणी अधिक सहनशील ठरते, कारण तिला पाण्याचा जोरदार झोत नव्हे, केवळ हवा लागते; आणि बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप ती पुरवू शकतो. फिरते चाक वीज जाताच थांबते व त्याचा वरील भाग हळूहळू सुकू लागतो.

चक्रिकांना जागा अधिक लागते व बुडबुड्यांचा आवाज होतो, हे खरे. परंतु माशांची संख्या मर्यादित ठेवल्यास ही उणीव अडसर ठरत नाही. कोणतेही माध्यम क्लोरिनयुक्त नळाच्या पाण्याने धुवू नये. टाकीतून काढलेल्या पाण्यानेच ते विसळावे.

निष्कर्ष :
गाळणीची क्षमता तिच्या पृष्ठभागावरून मोजली जाते. तिची विश्वासार्हता मात्र वीज नसतानाच्या तासांत ठरते. म्हणून आपल्या परिसरातील घरगुती मत्स्यालयास, तसेच महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील टाकीस, बॅटरीवरील एअर पंपाची जोड असलेली चक्रिकांची गाळणी अधिक उपयुक्त होय.