आज्ञापत्रातील आरमारविचार

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र करवीरकर संभाजीराजांसाठी १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झाले. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग होय, हा त्यातील आरमारप्रकरणाचा पायाभूत सिद्धान्त. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. थोर जहाज वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरते, हा अनुभवसिद्ध दंडक तेथे येतो.

या प्रकरणाचा खरा कस मात्र लाकडाच्या प्रश्नात लागतो. तख्ते, सोट, डोलकाठ्या यांसाठी थोर लाकूड हवे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगाचे. तरीही रयतेच्या त्या झाडांना हात लावण्यास मनाई आहे. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. झाड जीर्ण झालेले असेल, तरच धन्याला राजी करून, मोल देऊन ते तोडावे.

हा उतारा पुष्कळदा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून उद्धृत केला जातो. त्यामागे शिवकालीन परंपरा असणे स्वाभाविक आहे. शब्दरचना मात्र आज्ञापत्राची. आणि ती लक्षणीय आहे. एरवी आज्ञार्थी चालणारे हे गद्य येथे थांबते, स्वतःलाच कारण विचारते आणि उत्तरही देते. निषेधाचे असे समर्थन केवळ हुकमाच्या भाषेत सामावणारे नव्हते.