कर्व्ह करण्याआधी

‘खर्डा’ हे नाव संगणकाच्या स्मृतीत पाच संकेतांनी साठवले जाते: ख, र, पाय मोडल्याची खूण, ड आणि काना. रफाराला युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात स्वतःची जागा नाही. पाय मोडलेल्या र च्या पुढे व्यंजन आले, की फॉन्टमधले नियम त्या र ला उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसवतात. ही जुळणी करणारी यंत्रणा पानाची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल किंवा बंद असेल, तर र पाय मोडून जागीच राहतो आणि ‘डा’ त्याच्यापासून सुटतो. १७९५ च्या लढाईने इतिहासात गेलेल्या, जामखेड तालुक्यातल्या या गावाचे नाव लग्नपत्रिकेवर असे तुटलेले छापले जाणे मला तरी खपण्यासारखे वाटत नाही.

युनिकोडच्या आधीचे मराठी फॉन्ट वेगळ्या तत्त्वावर चालत. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा स, काना, वेलांटी, रफार. जे डोळ्यांना दिसते त्याच क्रमाने टाइप करायचे, म्हणजे रफार सर्वांत शेवटी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, म्हणून एका फॉन्टमधले मॅटर दुसऱ्यात उघडले की त्याचा चिखल होई. पानाची मांडणी करणाऱ्या ‘पेजमेकर’ या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड मराठी कळत नाही, तरी ती अनेक डीटीपी सेंटरमध्ये टिकली, कारण हात बसलेला होता. आता ग्राहक मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, ते युनिकोडमध्ये असते आणि कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये उतरवले जाते. चुका शिरतात त्या या उंबरठ्यावर. ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ या शब्दांतला चंद्रकोरीसारखा र रूपांतरात पहिल्यांदा तपासावा. इनडिझाइनमध्ये काम करणाऱ्याने परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला आहे ना, हे आधी पाहावे. साध्या कंपोझरवर मराठी जोडाक्षरे विस्कटतात.

पुढचा मुक्काम छापखाना. फाइल प्लेट काढणाऱ्या सीटीपी सेंटरला जाते. तिथे तो फॉन्ट नसेल तर दुसराच येऊन बसतो, ओळी सरकतात, शब्द पुढच्या पानावर जातात. म्हणून सांगितले जाते, ‘फाइल कर्व्ह करून पाठव.’ कर्व्ह केले की अक्षर अक्षर राहत नाही, बाह्यरेषेचे चित्र होते आणि फॉन्टची गरज संपते. खर्ड्याच्या लढाईनंतर दहा वर्षांनी, १८०५ मध्ये, मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, तिच्या मागचे तत्त्व हेच. अख्खे पान म्हणजे एक चित्र. पुढे खिळे आले, चुकलेला तेवढा खिळा काढून दुसरा बसवता येऊ लागला, आणि मराठी छपाई खऱ्या अर्थाने मोकळी झाली. कर्व्ह करताना ती मोकळीक आपण पुन्हा हातची सोडतो. मुहूर्ताची वेळ बदलली तर टाइप करून दुरुस्ती होत नाही. स्मरणिकेत एखाद्याचे नाव शोधायचे तर पाने चाळावी लागतात. कर्व्ह केलेली प्रत वेगळ्या नावाने जतन करावी आणि मूळ फाइलला हात लावू नये, हा नियम प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर असायला हवा.

फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ याहून बरी. मजकुरात वापरलेली अक्षरे फॉन्टमधून उचलून फाइलबरोबरच जातात. छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए या प्रमाणात फॉन्ट असे आत असणे सक्तीचे आहे. मात्र काही फॉन्टांच्या परवान्यात याला मनाई असते. ते काम हाती घेतानाच पाहावे.

मजकुराचा जेपेग पाठवणे मात्र सर्वांत वाईट. हिशेब सोपा आहे. एका इंचात ७२ पॉइंट. अक्षराची बारीक रेघ पाव पॉइंट जाडीची धरली, तर ३०० डीपीआयच्या चित्रात तिच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका येतो. प्लेट काढणारे यंत्र २४०० डीपीआयवर तीच रेघ आठ ठिपक्यांत आखू शकते, पण तिचा आकार चित्रात आधीच हरवलेला असेल तर यंत्र काय करणार? शिवाय चित्राच्या करड्या कडांवर छपाईची जाळी पडते आणि रेघ दातेरी होते. मराठीत याचा पहिला फटका अनुस्वाराला आणि मात्रेला बसतो, कारण शिरोरेघेवरच्या या खुणा आधीच लहान.

काळ्या रंगाचेही तसेच. पडद्यावरचा काळा मजकूर आरजीबीतून सीएमवायकेत गेला की चारही शाईंचा होऊ शकतो. मशीनवर कागद केसभर सरकला, रजिस्ट्रेशन हलले, की अक्षरांना लाल-निळी सावली पडते. म्हणून मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के, आणि रंगीत पार्श्वभूमीवर असेल तर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेला. गडद रंगावर बारीक पांढरी अक्षरे टाकायचा मोह आवरावा. शाई आत पसरते आणि रफार बुजतो.

एक गोष्ट सहसा सुटते. मजकुराची भाषा ‘मराठी’ ठेवावी. काही फॉन्टांत ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि भाषा पाहूनच फॉन्ट त्यांतले एक निवडतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी लिपीसाठी ही वळणे ठरवून दिली आहेत. हे सगळे झाल्यावर प्रूफ पडद्यावर मोठे करून नव्हे, तर शंभर टक्के आकारात कागदावर काढून पाहावे, आणि ते ज्याची पत्रिका आहे त्याच्या घरातल्या कुणाकडून तरी वाचून घ्यावे.