जरा आत सरका!

आमच्या कपाटात आईच्या शालूखाली एक फाटका सदरा घडी घालून ठेवलेला आहे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो बाहेर निघतो, झटकला जातो आणि पुन्हा जागच्या जागी जातो. टाकून द्यायची भाषा कोणी केलीच, तर आई एवढेच म्हणते, "राहू दे त्याला." या सदऱ्याची हकीगत सांगायची, तर आधी आमच्या डोंबिवली स्टेशनची सांगायला हवी.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, हे शाळेतले पोरही सांगेल. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, ती कल्याणपर्यंत जाऊ लागली. वाटेत डोंबिवली होतीच. पण तिथे स्टेशन झाले 1887 साली! म्हणजे तेहेतीस वर्षे गाड्या आमच्या गावावरून शिट्टी वाजवीत निघून जात होत्या. आज फलाटावर उभे असताना एखादी भरलेली गाडी न थांबता धडधडत गेली, की मला वाटते, हा आमचा वडिलोपार्जित वारसाच आहे.

पूर्वी गाडी मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालून खाडीच्या काठाकाठाने जाई. 1916 साली पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि तो वळसा वाचला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी आली आणि पुढे काही वर्षांत वीज कल्याणलाही पोचली. त्या विजेसाठी शेजारच्या ठाकुर्लीला उभारलेले चोळा वीजगृह आज बंद आहे. जुनी माणसे मात्र त्याची आठवण अजून काढतात. अठ्ठेचाळीस किलोमीटरवरची मुंबई जलद लोकलने सुमारे तासाभरावर आली. मग गिरगाव-दादरची जागा ज्यांना परवडेना, ते कारकून, शिक्षक, छापखान्यातले लोक बिऱ्हाडे घेऊन इकडे उतरले. भातशेतीच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी ब्लॉक आले.

आमचे बाबा त्यांतलेच. 1978 साली त्यांनी कर्ज काढून दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला आणि फोर्टातल्या कचेरीत रोज जाऊ-येऊ लागले. त्यांच्या ग्रूपचा डबा ठरलेला, बसायचा क्रम ठरलेला. चौथ्या सीटवर अर्धे टेकायला मिळाले तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजे. दसऱ्याला डब्याला तोरण लागे, भजने होत. गर्दी तेव्हाही होती, पण "जरा आत सरका हो!" म्हटले, की इंचभर का होईना, लोक सरकत.

1989 सालची गोष्ट. वसुबारसेचा दिवस होता. मी दुसरीत होतो. बाबा रात्री दोन तास उशिरा आले. एका पायात चप्पल नव्हती आणि सदरा खांद्यापासून पाठीपर्यंत फाटलेला. दारातल्या रेट्यात त्यांचा हात दांडीवरून सुटला होता. तेवढ्यात आतून कोणीतरी त्यांची कॉलर मुठीत धरली आणि पुढचे स्टेशन येईपर्यंत सोडली नाही. सदरा फाटला, माणूस राहिला. फलाटावर उतरून बाबा मागे वळेपर्यंत गाडी हलली होती. तो हात कोणाचा, ते आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. त्या रात्री आईने पहिली पणती त्या अनोळखी माणसाच्या नावाने लावली. ती अजूनही दरवर्षी लावते.

त्यानंतर स्टेशनचे रूप पालटले. पूल वाढले, सरकते जिने आले, 2012 साली मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर पंधरा डब्यांची लोकल धावली, 2022 मध्ये ठाणे ते दिवा पाचवा-सहावा मार्ग पूर्ण झाला. या साऱ्याचे ऋण मी नाकारीत नाही. पण 2011 च्या जनगणनेतच कल्याण-डोंबिवलीची वस्ती बारा लाखांवर गेली होती. घरे वाढतात त्या वेगाने गाड्या वाढत नाहीत, हे साधे गणित आहे. आणि त्यातली बाकी दारात लोंबकळते. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून जाताना दारांतले प्रवासी खाली पडले. त्यांतले काही घरी परतलेच नाहीत. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याची घोषणा झाली. दारे मिटोत, पण मिटलेल्या दाराआड उभे राहायला जागाही हवी.

माझी मुलगी गेल्या वर्षीपासून दादरच्या कॉलेजात जाते. कधीकधी जागेसाठी आधी उलटी कल्याणला जाते आणि तिथून बसून येते. गाडी सुटली, की तिच्या आजीच्या फोनवर दोनच शब्द येतात: "आत आहे." ते वाचल्याशिवाय आई चहाचा कप तोंडाला लावीत नाही. स्टेशनच्या प्रगतीचे माप मला विचाराल, तर मी हेच सांगेन. ज्या दिवशी हा निरोप पाठवायची गरज उरणार नाही, त्या दिवशी आमचे स्टेशन खरे सुधारले.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून आमची तरुण मुले नवे कपडे घालून फडके रोडवर जमतात. तिथेही गर्दी असते. पण ती हौसेची. गेल्या दिवाळीत मुलगी निघताना आईने सवयीने बजावले, "पोचलीस की कळव गं!"

"अगं आजी, मी गाडीने कुठे चाललेय!" ती हसत म्हणाली.

तरी फडके रोडवरून तिने निरोप धाडलाच: "आजी, आज बाहेर आहे!"

आईने तो दोनदा वाचला आणि मग चहा घेतला.